मार्थाकाकूंची साक्ष

आचिएंग रडत नव्हती, तेच मला आवडलं नाही. पाच वर्षांचं लेकरू दुखलं की भोकाड पसरतं. ही मात्र गुडघे पोटाशी घेऊन, भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि श्वास सुद्धा जपून घेत होती.

मी तिची पापणी खाली ओढून पाहिली. आत पांढरट, कडेला पिवळी झाक. बोटांचे सांधे सुजलेले. नंदुरबारकडच्या एका मिशन दवाखान्यात मी नर्स म्हणून कितीतरी वर्षं काढली होती. हे दुखणं मला दारातूनच ओळखू यायचं. सिकलसेल. तिकडच्या पाड्यांवरची अशी मुलं मी पाहिली होती. गोळ्या रोजच्या रोज मिळाल्या आणि वेळेवर रक्त चढलं तर ती शाळेत जायची. नाही मिळालं तर एखाद्या पावसाळ्यात आई एकटीच दवाखान्यात यायची, निरोप सांगायला.

आम्ही तेव्हा केनियात होतो. मोठ्या सरोवराच्या काठी एक गाव आणि गावाबाहेर मुलांचं होम. मराठवाड्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांचा संघ दर वर्षी तिथे सेवेसाठी एक गट पाठवायचा. आम्ही भिंती रंगवायचो, मुलांचे दात-केस तपासायचो, गाणी शिकवायचो, एक दिवस शिरा करून घालायचो आणि रडत रडत परत यायचो. गटाचे प्रमुख आमचे पाळकसाहेब, शांतवन आढाव. आजारी मुलांच्या औषधांचा आणि रक्ताचा खर्च संघ उचलायचा. अट एकच होती. मूल खरोखर अनाथ पाहिजे, आई नाही आणि बापही नाही. आधी एका ठिकाणी संघाची चांगलीच फसवणूक झाली होती, म्हणून आढावसाहेबांनीच ती अट घातली होती.

होमच्या फाटकावर तशी भली मोठी पाटीच होती. होम चालवणारे जोसाया, ज्यांना सगळी मुलं डॅडी म्हणायची, त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हाला त्या पाटीपुढे उभं केलं.

"मागच्या वर्षी तुमचे पाळक इथे असतानाच दोन भावांचा बाप उगवला," ते म्हणाले. "संध्याकाळच्या आत पोरं बाहेर! इथे लबाडी चालत नाही."

आढावसाहेबांनी समाधानाने मान हलवली. जोसाया धिप्पाड माणूस होता. बोलताना हसायचा, पण डोळे हसायचे नाहीत. मला त्याची पहिल्या दिवसापासून धास्ती वाटायची. त्यात तो अधूनमधून हिंदी फेकायचा. तरुणपणी कुठल्याशा गुजराती शेठच्या दुकानात होता म्हणे. "कैसा है, बेन?" असं मागून आलं की मी दचकायचे.

तर त्या दुपारी मी आचिएंगला गोळी दिली, पाणी पाजायला लागले, आणि तेवढ्यात स्वयंपाकीण आली. रोझलिन तिचं नाव. उंच, काटक, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. एका कानात तांब्याचं डूल घालायची, दुसरा कान ओका. एक डूल हरवलं असेल, गरिबाघरी दुसरं कुठून यायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. तिच्या हातात उजीची वाटी होती. उजी म्हणजे आपली नाचणीची आंबीलच.

ती खाटेवर टेकली. "पोले, पोले," असं समजुतीच्या सुरात पुटपुटत तिने पोरीला उचलून टेकवलं. आचिएंगने डोळे उघडले नाहीत. पण तिचा हात वर आला, चाचपडला नाही की अडखळला नाही, सरळ रोझलिनच्या ओक्या कानाशी गेला, आणि पाळी चिमटीत धरून ती चोळायला लागली. श्वास सैल झाला. पोरगी वाटीतलं प्यायला लागली.

माझा धाकटा भाऊ असाच आईचा कान धरून झोपायचा. शेजारणीने घेतलं, मावशीने घेतलं तरी दुसऱ्या कोणाचा कान त्याला चालायचा नाही. मी त्या ओक्या कानाकडे पाहिलं आणि मग रोझलिनकडे. तिने माझ्याकडे पाहिलं. तिने वाटी खाली ठेवली.

"सिस्टर," ती तोडक्या इंग्रजीत म्हणाली, "तुम्ही काही पाहिलं नाही."

"तुझी मुलगी आहे?"

ती उठून दार लोटून आली. मग हलक्या आवाजात सगळं भडाभडा सांगून मोकळी झाली. नवरा तापाने गेला. पोरीचं दुखणं वाढलं. शेजारणीच्या हाती पोर इथे सोडली आणि सांगायला लावलं, की आईही गेली. महिन्याभराने आपण स्वतः चुलीवरचं काम मागायला आली.

"इथे औषध आहे, रक्त आहे," ती म्हणाली. "मी आहे हे कळलं की दोन्ही नाही."

"पण एवढीशी पोर... चारचौघांत कधी तुला हाक नाही मारली?"

"एकदा मारली. मागच्या अंगाला नेऊन मी तिला मारलं." तिने पोरीच्या कपाळावरचा घाम पुसला. "मग नाही मारली. आता आंटी म्हणते."

आणि नेमकं तेव्हाच लोटलेलं दार उघडलं.

दारात मार्थाकाकू उभ्या होत्या, हातात रंगीत खडूंचा डबा. मार्था रणभिसे म्हणजे आमच्या जालन्याच्या मंडळीचं मोठं प्रस्थ. साठी उलटलेली, मन लोण्याचं आणि तोंड सताड उघडं. साक्ष द्यावी तर मार्थाकाकूंनीच. आमच्याकडे उपासनेत लोक उभे राहून देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगतात, त्याला साक्ष म्हणतात. काकूंची साक्ष ऐकायला शेजारच्या गावातले लोक यायचे. दुधाच्या पातेल्यात पडलेली पाल त्यांना वेळेवर दिसली, तर त्याचीही त्या अशी साक्ष द्यायच्या, की बायका पदराने डोळे पुसायच्या.

काकूंना इंग्रजीचा गंध नव्हता. पण कान धरलेलं लेकरू आणि त्या बाईचा चेहरा पाहायला इंग्रजी लागत नाही.

"अगं बाई," काकू म्हणाल्या. "ही माय हाय तिची!"

"काकू, हळू!"

"माय हाय न्हवं? खरं सांग."

मी मान हलवली. खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, पण सुचलंच नाही. काकूंनी डबा खाली ठेवला, रोझलिनचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि त्या ढसाढसा रडल्या. रोझलिन माझ्याकडे पाहत राहिली. तिला वाटलं, आता आपलं भरलं.

संध्याकाळी अंगणात मी काकूंना गाठलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी निरोपाची उपासना, तीत गटातल्या प्रत्येकाने साक्ष द्यायची, दुपारी आमची बस. आणि काकूंची साक्ष इंग्रजीत सांगायचं काम माझ्याकडे होतं.

"काकू, उद्या हे बोलायचं नाही हं."

"कामून?"

"जोसायाला कळलं तर पोरीला हाकलून देतील. ती जगणार नाही हो."

"देवाच्या घरात खरं बोलल्यानं कुणाचं वाईट झालंय का कधी?" काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू दवाखान्यात राहून लई भित्री झालीस, पोरी. पाळकसाहेब ऐकतील, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येईल, मायलेकरं एका जागी होतील. एवढा चमत्कार डोळ्यांनी बघायचा अन् गप बसायचं? मग आपुन इथं आलो कशाला?"

"मला शब्द द्या."

"बरं बरं, प्रार्थना करते अन् बघते," काकू म्हणाल्या. त्यांचं प्रार्थना करून बघणं म्हणजे काय, ते मला पक्कं ठाऊक होतं.

मी आढावसाहेबांकडे गेले. काकूंची तब्येत बरी नाही, उद्या त्यांना साक्षीला उभं करू नका, असं सांगितलं.

"हेमाताई," साहेब हसले, "साक्षीवाचून ठेवलं तर त्या खरंच आजारी पडतील."

साहेबांना खरं सांगावं, असं एकदा ओठांवर आलं. पण तो माणूस कंडक्टर तिकीट द्यायला विसरला तर उतरून तिकीट मागणारा. सांगितलं की संपलंच. मी तशीच परत फिरले.

सकाळी पत्र्याच्या हॉलमध्ये मुलं ओळीने बसली, आम्हीच आणलेले पिवळे शर्ट घालून. आचिएंगचं दुखणं ओसरलं होतं. तिला कडेला खुर्चीवर चादर गुंडाळून बसवलं होतं. जोसाया पहिल्या ओळीत, शेजारी आढावसाहेब. रोझलिन स्वयंपाकघराच्या दाराशी, हात पदरासारख्या बांधलेल्या फडक्यात गुंडाळून.

एकेकाच्या साक्षी झाल्या. मग काकू उठल्या. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"प्रभूची स्तुती असो," काकू म्हणाल्या. "काल मी ह्या डोळ्यांनी चमत्कार पाहिला."

मी इंग्रजीत सांगितलं. एवढं तरी चालण्यासारखं होतं.

"ह्या घरात एक माय हाय. आपल्याच लेकराला परकं म्हणती, अन् घास भरवती."

सगळे वाट पाहत होते. "या घरात," मी म्हणाले, "परक्या लेकरांना आपलं म्हणून घास भरवणारी माणसं आहेत."

टाळ्या पडल्या. आढावसाहेबांनी झटकन मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पण मी जोसायाकडे पाहत होते. तो हसत होता, डोळे तसेच.

काकूंना टाळ्यांनी चेव आला. "ती बघा!" त्यांनी दाराकडे बोट केलं. "ती रोझलिन! आणि ते तिचं लेकरू, आचिएंग!"

नावांचं भाषांतर करावं लागत नाही. हॉलमधली सगळी तोंडं दाराकडे वळली, मग खुर्चीकडे. रोझलिनने डोळे मिटून घेतले. मी भराभरा बोलत सुटले. काल आचिएंग आजारी होती, रोझलिनने उजी पाजली, किती माया, किती सेवा. माझाच आवाज मला परका वाटत होता. आणि तेवढ्यात काकूंनी दोन्ही हात पसरले.

"ये बाळा," त्या रडत रडत आचिएंगला म्हणाल्या, "ऊठ. जा मायपाशी. कुणाला भ्यायचं न्हाई."

हे काही मी इंग्रजीत सांगितलं नाही. पण पसरलेले हात, दाराकडे दाखवणारं बोट, मुलांना यातलं काय कळत नाही? आचिएंग खुर्चीवरून उतरली. चादर गळून पडली. तिने दाराकडे पाहिलं. रोझलिन खांबासारखी उभी होती. ओरडावं, उचलून घेऊन पळावं, असं काहीबाही माझ्या मनात आलं.

पोरगी लंगडत निघाली. मुलांच्या ओळीतून पुढे आली. रोझलिनच्या दिशेने जाणारी वाट सोडून ती पहिल्या ओळीकडे वळली, जोसायापाशी जाऊन उभी राहिली, आणि त्याचं बोट धरून स्पष्ट म्हणाली, "डॅडी."

सगळा हॉल हसला. किती गोड, असं आमच्यातलं कोणीतरी म्हणालं; काकूंचं माय-लेकरू आमच्या लोकांनी त्यांच्या नेहमीच्या बोलण्यातलंच धरलं होतं. काकू बिचाऱ्या गोंधळून माझ्याकडे पाहायला लागल्या. "तिला कळलं न्हाई वाटतं गं."

"आमेन!" आढावसाहेब एकदम उभे राहून एवढ्या मोठ्याने म्हणाले, की मी दचकले. त्यांनी लगेच गाणं सुरू केलं. मी दाराकडे पाहिलं. दार रिकामं होतं.

दुपारी बस लागली. मी खिडकीशी बसले. सुटलो, असं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात जोसाया खिडकीखाली आला.

"बेन," तो म्हणाला, "तुम्हारा ट्रान्सलेशन बहुत अच्छा."

"तुम्हाला मराठी येतं?"

"नाही." तो आता इंग्रजीत, हळू बोलत होता. "पण शेठच्या दुकानात एवढी वर्षं काढली. आई आणि लेकरू, एवढं कुठल्याही भाषेत कळतं. आणि सिस्टर, रोझलिनला कामावर ठेवलं कोणी? मीच ना? ती कोण आहे ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं."

मी खिडकीची काच आणखी सरकवली.

"इथल्या बऱ्याच मुलांना कोणीतरी आहे. कोणाची आजी शेतावर, कोणाचा बाप बाजारात हमाली करतो. खायला घालू शकत नाहीत, दवाखाना करू शकत नाहीत, एवढंच. मी काय करू? हाकलू?"

"पण पाटी?"

"पाटी तुमच्यासाठी आहे." त्याच्या डोळ्यांत जे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं, ते काय होतं ते मला त्या क्षणी उमगलं. तो माणूस आम्हाला भीत होता. "त्या दोन पोरांचा बाप तुमचे पाळक इथे असताना आला, म्हणून ती गेली. त्यातलं धाकटं आता नाही." त्याने बसच्या पुढच्या सीटकडे नजर टाकली. तिथे आढावसाहेब पाठमोरे बसले होते. "मला भिऊ नका, सिस्टर. मराठी त्यांना येतं."

बस सुटली. मुलं फाटकापर्यंत धावत आली. मला हात हलवायचंही सुचलं नाही. अख्खी रात्र मी भलत्याच माणसाला भ्याले होते, आणि ज्याला भ्यायचं तो माझ्यापुढे तीन सीट सोडून बसला होता. इंग्रजी सावरण्याच्या नादात मी विसरलेच होते, काकूंचा शब्द न् शब्द त्यांनी मराठीत ऐकला होता. माझा खोटेपणाही.

लाल मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस. काकू माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपल्या होत्या. बराच वेळ गेला. मग साहेब उठून मागे आले आणि शेजारच्या सीटवर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर रंग नव्हता.

"हेमाताई, मघाशी खिडकीत जोसाया काय म्हणत होते?"

मी काकूंचं डोकं खांद्यावर नीट घेतलं.

"त्या दोन भावांबद्दल बोलले का? धाकट्याबद्दल?"

"हो."

"मला ते या खेपेला इथे आल्यावर कळलं." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "अट माझी होती."

त्यांच्या तोंडून पुढे काय येतंय, याचीच मला धडकी भरली होती. साहेब झोपलेल्या काकूंकडे पाहत राहिले.

"काकूंचं बोलणं मला नीटसं ऐकू आलं नाही," ते शेवटी म्हणाले. "तुम्ही इंग्रजीत जे सांगितलंत, तेच म्हणाल्या ना त्या?"

पहिल्या ओळीत बसलेल्या माणसाला ऐकू आलं नव्हतं. ज्याने जन्मात खोटं उच्चारलं नाही, तो माणूस माझ्याकडे असा पाहत होता, की मला रडू आवरेना.

"हो, साहेब. तेच."

"मग संघाला तेच सांगू," ते म्हणाले आणि उठून आपल्या जागेवर गेले.

जालन्याला परतल्यावर पहिल्या रविवारी उपासनेला मंडळी खचाखच जमली होती. काकू नवं लुगडं नेसून पुढे बसल्या होत्या. साहेबांनी साक्षीसाठी सगळ्यांची नावं पुकारली, काकूंचं पुकारलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. पुढे पुढे तर काकू उभ्या राहायला लागल्या की साहेब गाणं सुरू करायचे. काकू मागच्या बाकावर बसायला लागल्या. "माझी साक्ष दाबली त्यांनी," असं एकदा मला म्हणाल्या आणि तोंड फिरवून निघून गेल्या. त्यांना सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी गावभर झालं असतं. म्हणून मी सांगितलं नाही, आणि त्यांचा तो उतरलेला चेहरा वर्षानुवर्षं पाहत राहिले.

मी पुढे जालन्याच्याच एका दवाखान्यात नर्स होते, काकू शेवटच्या आजारात तिथेच होत्या. त्याच सुमाराला होममधून एक फोटो आला. कोपऱ्यात रोझलिन उभी होती आणि तिच्या दोन्ही कानांत डुलं होती, पोरीसाठी ओका ठेवलेल्या कानातही. मी वेड्यासारखी एकेक चेहरा शोधत गेले. मागच्या ओळीत, मोठ्या शाळेच्या गणवेशात, आचिएंग होती. उंच झाली होती. आता कान धरायचं वय राहिलं नव्हतं, एवढंच.

फोटो घेऊन मी वॉर्डात गेले. काकूंनी चष्मा लावला. दोघींना त्यांनी बरोबर हुडकून काढलं.

"लेकरू वाढलं की गं!" त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी फोटो जवळ घेतला. "पण माय अजून इतकी लांब कामून उभी हाय?"

"फोटो आपल्यासाठी काढलाय, काकू," मी म्हणाले.

काकूंनी फोटोतल्या दोघींवरून बोट फिरवलं. सलाईनचा हात हळूच माझ्या मनगटावर आला.

"म्हणून व्हय माझी साक्ष दाबली," त्या म्हणाल्या.

"हो, काकू."

बाहेर चपला वाजल्या. मंडळीतल्या बायका भेटायला आल्या होत्या. "काय बघू लागल्या, काकू?" दारातूनच कोणीतरी विचारलं.

"काही न्हाई," काकू म्हणाल्या आणि फोटो त्यांनी उशीखाली सारला.